खिडकीतली कपबशी

“अहो बाई, उठा. झालं तुमचं.”

कस्तुरानं डोळे उघडले तेव्हा यंत्राचं ते अवजड, गोल मुंडकं तोंड खाली करून तिच्याकडं बघत होतं आणि कोबाल्टचा शेक देणारा माणूस जाड दाराशी उभा होता. क्षणभर तिला कळेना आपण कुठं आहोत. मग ओशाळून ती उठायला गेली तर उजवा हात आलाच नाही, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा टेबलावर पडून राहिला. डाव्या हातानं तिनं तो उचलून घेतला. माणूस हसून म्हणाला, “इथं लोक रडतात, देवाचा धावा करतात, हलू नका म्हटलं की नेमके तेव्हाच हलतात. घोरणारं पेशंट पहिल्यांदाच बघितलं बरं का मी.” तिलाही हसू यायला हवं होतं. पण आलं नाही, कारण तिला भलत्याच गोष्टीचं नवल वाटून राहिलं होतं. हा परका माणूस तिच्याशी रोज एकच शब्द बोलायचा. झोपा. आत आली की टेबलाकडं बोट करून म्हणायचा, झोपा बाई. जन्माला आल्यापासून तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. ऊठ म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं. आईनं सांगितलं, बापानं सांगितलं, सासूनं, नवऱ्यानं, कंपनीच्या भोंग्यानं, नळाच्या पाण्यानं सांगितलं. झोप म्हणून सांगणारं माणूस भेटायला छातीत गाठ यावी लागली, ती छातीसकट कापून काढावी लागली, आणि कापल्या जागेवर जांभळ्या शाईच्या रेघा मारून घ्याव्या लागल्या.

त्या रेघा धुवायच्या नव्हत्या. शेक संपेपर्यंत तिथं पाणी लावायचं नाही, साबण नाही, तेल नाही. गळ्याखालून काखेपर्यंत मारलेला तो चौकोन घामानं पसरायचा आणि तिच्या सगळ्या झंपरांना जांभळे डाग पडले होते. पदर आवळून घेत ती बाहेर आली, बाकावरच्या रांगेकडं न बघता पायऱ्या उतरली, आणि उन्हात आल्यावर तिला आठवलं की आज गुरुवार. पुण्यात सगळं चालू, पण पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी. भोसरीतल्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा तिचा नवरा, ज्योतीराम, आज घरी. तिनं मनाशी ठरवलं, घरी जायचं, चपला काढायच्या आणि सरळ खाटेवर भिंतीकडं तोंड करून आडवं व्हायचं. भाकरी नाही, भांडी नाही, बोलणं नाही. आज पहिल्यांदा दिवसाढवळ्या आपल्या घरात आपण आडव्या होणार. एवढंच तिला पाहिजे होतं. एखाद्यानं तीर्थाला जायचं ठरवावं तसं तिनं ते ठरवलं आणि बसच्या थांब्याशी जाऊन उभी राहिली.

थकणं तिला काही नवं नव्हतं. लेक, नीला, कडेवर होती तेव्हा तिनं दुष्काळी कामावर खडी फोडली होती. त्यानंतर पिंपरीला आल्यावर बांधकामावर पाट्या वाहिल्या होत्या. त्या थकण्याला एक चव होती. ते आपलं असायचं, कमावलेलं असायचं; रात्री भाकरी खाऊन पाठ टेकली की सकाळपर्यंत ते अंगातून उतरून जायचं. हे तसं नव्हतं. हे न करताच आलेलं थकणं होतं. हाडांतला गर कुणी चमच्यानं खरवडून नेल्यासारखं. झोपून उठलं की झोपताना होतं त्यापेक्षा जास्त. वेणी घालायला बसावं आणि अर्ध्या वेणीवर हात मांडीत येऊन पडावेत. परातीत पीठ घ्यावं आणि त्या पिठाकडं बघत राहावं, हे आता मळायचं, म्हणजे काय काय करायचं असतं, हेच आठवू नये. आणि हे थकणं कुणाला दिसत नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी हरामखोरी. ताप असला तर लोक मानतात. खोकला मानतात, रक्त पडलं तर रडतातसुद्धा. पण एक बाई दोन पायांवर उभी आहे, बोलते आहे, स्वतःच्या पायांनी बस धरून पुण्याला जाऊन येते आहे, आणि वर म्हणते मला उभं राहवत नाही! सासू, भिमाबाई, रोज विचारायची, “ताप हाय का?” पूर्वी विचारायची नाही, सरळ कपाळावर पालथा हात ठेवायची. हल्ली चुलीशेजारच्या कोपऱ्यातून, लांबून विचारायची. कस्तुरा न्हाई म्हणाली की भिमाबाईचा जीव भांड्यात पडायचा. ताप न्हाई, म्हंजी उतार हाय. मग ज्वारी दळून आणायला हरकत नाही.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं कागदावरून मान वर करून सांगितलं होतं, बाई, आता फक्त आराम करायचा. आराम! हा शब्द तिनं रेडिओवर ऐकला होता. एका खोलीत चार माणसं, मोरी त्यातच, स्वयंपाक त्यातच, दार उघडं टाकलं नाही तर हवा नाही आणि उघडं टाकलं तर अख्खी चाळ आत. त्यात आराम कुठल्या खुंटीला टांगायचा, हे त्यानं सांगितलं नाही. पण दुसरं एक सांगितलं होतं. तिनं न विचारताच म्हणाला होता, “हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आणि या शेकाचंही अंगात काही उरत नाही. लेकराला खुशाल जवळ घ्या.” ते वाक्य तिनं दवाखान्यापासून घरापर्यंत वाऱ्यात दिवा न्यावा तसं हाताच्या आडोशानं नेलं होतं आणि घरात शिरताच सांगितलं होतं. भिमाबाई म्हणाली, “डाक्टरला काय जातंय बोलायला. त्याला का आपल्या ताटात जेवायचंय?” पुढच्या गुरुवारी ज्योतीराम नीलाला दिघीला आपल्या बहिणीकडं सोडून आला. इथं माणसांची ये-जा, अभ्यास होत नाही, म्हणाला. नीलानं जाताना आईच्या गळ्यात पडायला हात पसरले तेव्हा भिमाबाईनं तिला मागून दंडाला धरलं. “आईला दुखतंय बाळा, धक्का लागंल,” म्हणाली. धक्का लागंल! डाव्या बाजूला लागला नसता. डावी बाजू अजून शाबूत होती.

बस आली ती भरून. दांडीला डावा हात अडकवून ती उभी राहिली. बसलेल्यांपैकी कुणी उठलं नाही, का उठावं, बाई धडधाकट दिसत होती. कपाळाला घाम, डोळे मिटलेले, म्हणजे डुलकी काढते आहे उभ्या उभ्या. खडकी गेली, दापोडीचा पूल आला, खाली नदीत म्हशी बसल्या होत्या. त्या म्हशींचा तिला हेवा वाटला. बसल्या होत्या त्या, पाण्यात, निवांत, आणि त्यांना कुणी भेटायला येत नव्हतं. तिला येत होते. ऑपरेशन झाल्यापासून येत होते. दिघीची नणंद, माणची मावससासू, गावाकडचे लोक, कंपनीतले दोस्त, चाळीतल्या बाया. बिस्किटाचा पुडा नाहीतर काळी पडत चाललेली केळी घेऊन येत, आणि येऊन खाटेवर बसत. घरात खुर्ची नव्हती. खाट मात्र नवी होती. दवाखान्यातून आणल्यावर पेशंटला खाली झोपवू नये म्हणून ज्योतीरामनंच ती घेतली होती. नवारीची पट्टी करकचून ओढून, पायाखाली विटा लावून स्वतः उंच केली होती. तेव्हा तिला भरून आलं होतं. त्या खाटेवर दिवसभर बसायचे तिला भेटायला आलेले लोक. आणि ती? ती खाली स्टोव्हला पंप मारत त्यांच्यासाठी चहा करत बसायची. ‘कसं वाटतंय आता?’ ते वरून विचारायचे. ‘बरं हाय,’ ती खालून म्हणायची. मग ते एकमेकांत बोलायचे. अमक्याच्या बायकोलाही असंच झालं होतं, चार महिन्यांत गेली. तमक्याची मामी तर शेक घेऊन काळी ठिक्कर पडली होती. चहा पिऊन, मिश्या पुसून उठायचे आणि जाताना म्हणायचे, आराम करा बरं का.

आणि कपबशी. त्या कपबशीचा विचार आला की तिला अजून आधी गोड वाटायचं आणि मग कडू. शेक सुरू झाला त्या आठवड्यात ज्योतीराम पिंपरीच्या बाजारातून कागदात गुंडाळून ती घेऊन आला होता. घरात होते ते सगळे पांढरे, टवके उडालेले कप. ही निळ्या काठाची, कपावर गुलाबाचं फूल, बशीतही गुलाबाचं फूल. “तुला म्हणून आणली,” एवढंच म्हणाला आणि शर्ट काढायला पाठमोरा झाला. लग्न झाल्यापासून त्यानं तिला न मागता आणलेली ती पहिली वस्तू. एक बाजू सपाट झालेली बाई, अर्धी उरलेली, आणि त्याला फुलाची कपबशी आणावीशी वाटली! ती रात्रभर त्याच आनंदात जागी होती. तिनं गिरजाबाईला, शेजारणीला, दाखवायलासुद्धा नेली. गिरजाबाई साताऱ्याकडची, तोंडाची फटकळ, म्हणाली, “झालं बाई, आता तुझा नवरा सिनेमात काम करंल.” कस्तुरा लाजली होती. या वयात, त्या दुखण्यात, लाजली होती! हे आठवलं की तिला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटे. कारण दुसऱ्या दिवशी चहा पिऊन तिनं ती धुतली आणि बाकीच्या कपांबरोबर फळीवर मांडली, तर भिमाबाईनं ती चिमटीत धरून उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली. खिडकीच्या शहाबादी फरशीवर, एकटी. “तितंच ऱ्हाऊ दे,” म्हणाली, “तुला सापडाया बरी.” संध्याकाळी तिला ती राखेनं निराळी घासलेली दिसली. ताटही निराळं. पेलाही. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं खाली मान घालून पायातला मोजा काढला नि पुन्हा घातला. तेव्हा गुलाबाचं फूल तिला कळलं.

खिडकीत निराळा ठेवलेला कप म्हणजे काय असतं, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायला नको होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याला रोज उदबत्ती होती. चाकणच्या पलीकडं त्यांचं गाव. तिथल्या हॉटेलात वळचणीखाली खिळ्याला त्यांच्या लोकांचे कप अडकवलेले असायचे, कान तुटलेले. आपला आपण काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपला आपण विसळून पुन्हा अडकवायचा. तिच्या माहेरच्या गावीही तेच; तिचा बाप आपला कप दोन्ही हातांत धरायचा, फुटू नये म्हणून, फुटला तर भरून द्यावा लागेल म्हणून. तिच्या आईनं पाखडलेले गहू पाटलाच्या घरात जात. आईनं फोडलेल्या लाकडांवर त्यांचा स्वयंपाक होई. पण त्याच हातानं घागरीला शिवायचं नाही. काम चालायचं, माणूस चालायचं नाही. आणि आता इथं, पिंपरीत, आपल्याच माणसांच्या घरात, तिनं केलेला चहा सगळ्यांना चालत होता. तिनं मळलेलं पीठ, तिनं भरलेलं पाणी, तिनं धुतलेल्या चड्ड्या. तिचा रोग तेवढा कपाच्या काठावर येऊन बसत होता. चहात नाही, भाकरीत नाही, कामात नाही. वा रे रोग! हाही शिकला म्हणायचा गावच्या पाटलाकडूनच, कुठं शिवायचं नि कुठं नाही.

पिंपरीला उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. औषधाच्या कारखान्याकडून तो रोजचा आंबूस वास आला तशी तिनं नाकाला पदर लावला. रेल्वेचं फाटक ओलांडून ती चाळीच्या तोंडाशी आली, एका भिंतीला हात टेकून थांबली, पुन्हा चालली. खाट, ती मनात म्हणत होती. नवारीची पट्टी पाठीला कशी लागते, मान कुठं येते, भिंतीचा गारवा कपाळाला कसा लागतो, हे सगळं तिनं आताच अनुभवायला सुरुवात केली होती. आणि दारात चपला दिसल्या. पुरुषांच्या. टायरच्या, कातडी, एक जोडी बुटांची. जयंती जवळ आली होती, कमिटीची बैठक होती, आणि गुरुवारी सुट्टी म्हणून ती गुरुवारी होती, आणि ज्योतीराम कमिटीत म्हणून ती त्याच्या घरात होती. सगळं कसं रीतीला धरून. तिला त्या चपलांवरच बसकण मारावीशी वाटली.

“आली का? बरं झालं,” भिमाबाई दारातच म्हणाली. “च्या टाक बाई. मंडळी कवाची बसल्यात. माझं गुडघं उठू देत न्हाईत.”

खाटेवर मधोमध सोपानराव बसला होता, ज्योतीरामचा चुलतभाऊ. मोठ्या कंपनीत फिटर, युनियनचा माणूस, बोलायला उभा राहिला की सभा हलायची नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना कमिटीवाले कोंबून बसले होते, खाट त्यांच्या वजनानं झोळीसारखी झाली होती. रंगराव मंडपवाला खाली भिंतीशी बिस्किटाच्या पुड्यापाशी बसला होता. पुडा तिच्यासाठीच आणलेला होता आणि तोच संपवत होता.

“जय भीम वहिनी,” सोपानराव म्हणाला. “कशी काय तब्येत? लई वाळला हो. ज्योतीराम, वहिनींना आराम देत जा रे.”

“सांगतो की,” ज्योतीराम म्हणाला. “ऐकत न्हाई ती.”

ऐकत न्हाई ती. कस्तुरानं पदर खोचला. स्टोव्हपुढं बसली. काकडा लावून डाव्या हातानं पंप मारायला लागली, उजवा मांडीत ठेवून. बर्नर तापला, निळी ज्योत घुमू लागली. झंपराखाली भाजलेली कातडी तापायला लागली तशी ती जरा मागं सरकली. वर विद्यापीठाच्या नामांतरावर बोलणं चाललं होतं, मिरवणूक कुठल्या रस्त्यानं न्यायची, लाऊडस्पीकर कुणाचा. तिला शब्द ऐकू येत होते पण त्यांचे अर्थ लांब कुठंतरी होते, नदीपलीकडं. चहाचं पाणी उकळलं. साखर टाकली की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा टाकली. मग फळीवरचे पांढरे कप उतरवले आणि माणसं बघितली. एक कप कमी पडत होता. रंगराव मेहुण्याला घेऊन आला होता.

“गिरजाबाईकडनं आण जा एक,” भिमाबाई कुजबुजली. “न्हाईतर ज्योतीराम मागनं घील.”

गिरजाबाईचं दार चार पावलांवर होतं. चार पावलं! ती चालायची तर उठावं लागणार होतं. उठायचं म्हणजे आधी डावा गुडघा, मग जमिनीला हात, मग डोळ्यांपुढची अंधारी, मग ती सरायची वाट बघणं. तिनं नुसती मान वर केली. खिडकीत निळ्या काठाची कपबशी उन्हात चकाकत होती. बसल्या बसल्या हात पोचत होता.

तिनं ती काढली. त्यात काही ठरवलेलं नव्हतं. हात गेला आणि घेऊन आला. पण एकदा समोर ठेवल्यावर, गाळणीतून चहा त्यात पडायला लागल्यावर, तिच्या अंगात कुठंतरी खोल, त्या खरवडलेल्या हाडांच्याही आत, काहीतरी ताठ झालं. तिनं ताटलीत कप मांडले. गुलाबाची कपबशी बरोबर पुढं. आणि ज्योतीरामनं ताटली उचलायला हात पुढं केला तेव्हा त्याला ती दिसली.

तो थांबला. त्यानं आईकडं बघितलं. भिमाबाईनंही बघितलं, तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. काय बोलणार होती? ती नको, दुसरी द्या? का नको? सगळ्या कमिटीपुढं, त्या फोटोखाली, का नको ते सांगायचं कुणी? मायलेकांच्या तोंडांना एकाच वेळी कुलूप बसलं आणि कस्तुरा खालून ते बघत राहिली. तिला वाटलं, आता तरी हा म्हणेल. आता तरी हा कप स्वतः घेईल, म्हणेल हा माझा. घे ना रे. आणलास तूच. तेवढं केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पांढऱ्या कपातला चहा पिऊन मंडळी गेली असती, आणि तिनं गुलाबाच्या फुलाला पुन्हा पहिल्यासारखं बघितलं असतं. पण ज्योतीरामनं ताटली फिरवली, आणि सोपानरावनं मानाच्या माणसासारखा सगळ्यांत देखणा कप उचलला.

“वा, वहिनी! पाव्हण्यांची कपबशी काढली जणू!” त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, भुरका मारला. “गोड झालाय जरा. असू द्या.” आणि बशी हातात असल्यामुळंच की काय, त्याला ती गोष्ट आठवली. दरवर्षी जयंतीच्या तोंडावर तो ती सांगायचा. “अरे, हे आता बशीत घेऊन बसतोय आपण. रंगराव, तुला ठाव न्हाई, आमच्या गावच्या हाटेलात आमचं कप खिळ्याला असायचं. मी असंन सोळा-सतरा वर्साचा. गेलो, कप काढला, त्यानं वरून च्या ओतला. वाफ आली तोंडावर. आणि काय झालं कुणास ठाव, मी त्यो कप असा वर धरला, आणि दिला दगडावर हाणून! म्हणलं, माणसाचा कप दे, न्हाईतर च्या तूच पी!”

कमिटीवाले हसले, कुणीतरी मांडीवर थाप मारली. ती गोष्ट खोटी नव्हती. हीच तर चीड होती. खोटी असती तर किती बरं झालं असतं. कस्तुरा नवी नवरी असताना तिनं ती पहिल्यांदा ऐकली होती आणि तिच्या अंगावर काटा आला होता. दोन्ही हातांत कप धरणारा बाप आठवून ती मोरीत जाऊन रडली होती. तिला वाटलं होतं, आपण वाघांच्या घरात पडलो.

“भावजी,” ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला. तरी खोली गप्प झाली, कारण ती कमिटीच्या बैठकीत कधी बोलत नसे.

“ती कपबशी माझी हाय.”

“मग काय झालं वहिनी? भावाचं घर, भावजयीची कपबशी...”

“तसं न्हाई. माझी म्हंजी माझ्या एकटीची. खिडकीत असती ती. राखंनं निराळी घासत्यात. माझा रोग लागू नये म्हणून ह्यांनी आणलीया. मी रोज त्यातच पिती. आज सकाळी बी प्याली.”

सोपानरावचा भुरका बशीच्या काठावरच राहिला. बशी ना खाली आली, ना वर गेली. मिशीवर चहाचा थेंब लोंबत होता. सगळी कमिटी त्या थेंबाकडं बघत होती. रंगरावनं तोंडातलं बिस्किट चावायचं थांबवलं. स्टोव्ह घुमत होता.

“डॉक्टर... डॉक्टर काय म्हंतो पण?” सोपानरावनं विचारलं.

“डॉक्टर म्हंतो लागत न्हाई,” कस्तुरा म्हणाली. “तुमी काय म्हंता?”

हजारो माणसांपुढं न अडखळणारा माणूस तो. त्यानं एकदा ज्योतीरामकडं बघितलं, एकदा बशीकडं, आणि तिला दिसलं की त्याला ती प्यायची होती. खरंच प्यायची होती. मान हलली, ओठ पुढं आले, दंडाची शीर ताठ झाली. आणि जमलं नाही. सोळा वर्षांच्या पोरानं भर बाजारात दगडावर कप हाणला होता, आणि मिशी पिकायला आलेल्या बाप्याला अर्धी बशी चहा गिळता येत नव्हता. त्यानं बशीतला चहा हळूच कपात परत ओतला आणि कपबशी खाटेच्या काठावर ठेवली. खांद्यावरच्या पंच्यानं मिशी पुसली. एकदा पुसली, पुन्हा पुसली, मग आपण किती वेळ पुसतोय ते त्याच्याच ध्यानात आलं आणि त्यानं पंचा खाली सोडला.

“चला रंगराव,” तो उठत म्हणाला, “त्या मांडवाची जागा बघायची ऱ्हायलीय. ऊन हाय तवर बघून घेऊ.”

तो उठला तसे सगळेच उठले. दाराशी चपलांची झटापट झाली, कुणाचा तरी पाय कुणाच्या बुटात गेला. बाहेरून नळाशी चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा. मग आणखी एकाचा, ज्यानं पांढऱ्या कपातला प्याला होता त्याचा.

खाट रिकामी झाली होती. नवारीची पट्टी मध्ये खोल दबून राहिली होती, हळूहळू वर येत होती. कस्तुरानं स्टोव्हची चावी फिरवली, तो सुस्कारा टाकून विझला. आधी डावा गुडघा, मग जमिनीला हात, मग अंधारी. ती सरेपर्यंत उभी राहिली आणि खाटेशी गेली. सोपानरावनं ठेवलेली कपबशी तिनं उचलली आणि ज्योतीरामच्या हातात दिली. त्यानं ती घेतली. दुसरं काय करणार, हातात आली होती. ती खाटेवर टेकली.

“माज आला व्हय गं तुला?” भिमाबाईचा आवाज फुटला. “घरी आल्याल्या मान्सांचा मान... लेकाला चार मान्सांत खाली बघाया लावलंस! आता सगळ्या चाळीत व्हईल. आणि आता दिवाबत्तीच्या टायमाला आडवी कशाला पडतीस? ताप हाय का?”

“हात लावून बघा की,” कस्तुरा म्हणाली.

भिमाबाई पुढं आली. गुडघे उठू देत नव्हते ती भिंतीला धरून उठली आणि खाटेपर्यंत आली. सुरकुतलेला, राखेनं नखं काळी पडलेला तिचा हात पदरातून बाहेर निघाला, अर्ध्या वाटेपर्यंत आला. मग उशीचा अभ्रा सारखा करून मागं गेला. म्हातारी कोपऱ्यात जाऊन बसली आणि तोंडाला पदर लावला.

कस्तुरा आडवी झाली. डाव्या कुशीवर, भिंतीकडं तोंड. पट्टी अजून बाप्यांच्या अंगानं कोमट होती, पण भिंत गार होती, बसमध्ये वाटली होती तशीच. तिनं कपाळ टेकवलं.

“उद्या नीलाला घिऊन या दिघीवनं,” ती भिंतीकडं बघत म्हणाली. “माझ्यापाशी निजंल ती. ह्या डाव्या बाजूला. आणि मला जेवाया उठवू नका.”

तिच्या पाठीमागं ज्योतीराम उभा असल्याचं तिला कळत होतं. त्याच्या हातातला कप बशीवर बारीक खुळखुळत होता. आता तो ती कुठं ठेवेल, याकडं तिचा कान लागून राहिला. फळी लाकडी होती, तिचा आवाज बोदा. खिडकीची फरशी दगडी, तिचा आवाज टणक. दोन्ही आवाज तिला झोपेतही ओळखू आले असते. तिनं वाट बघितली. एक पाऊल वाजलं, मग ते मागं गेलं. खुळखुळणं चालूच होतं. त्याला कळत नव्हतं कुठं ठेवायची. आणि वाट बघता बघता तिच्या ध्यानात आलं की ही वाटसुद्धा आपणच बघतो आहोत, हे कामसुद्धा आपल्याच अंगावर आहे, आणि तिला त्याचा एकदम कंटाळा आला.

झोपा बाई, ती स्वतःला म्हणाली.

मागं तो अजून उभाच होता, कपबशी हातात घेऊन. राहू दे उभा.